एकोणीस आज्यांची रांग

ठाण्याच्या माजिवड्यातली नऊ वर्षांची नात आजीला विचारते, “आजी, तू शिवाजी महाराजांना पाहिलं होतंस का गं?” घरातले हसतात. पण तिचं काय चुकलं? तिच्या लेखी ‘पूर्वी’ हे एकच मोठं गाठोडं आहे. डायनोसॉर, महाराज आणि आजीचं लहानपण, सगळं त्यातच बांधलेलं. नेमक्या याच वयात, चौथीत, तिच्या हाती ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक येतं. १६५७ हा आकडा ती पाठ करेलही. तो किती लांबचा, हे तिला कशाने मोजून दाखवायचं?

माप घरातच आहे. नात आणि आजी यांच्यात साधारण पन्नास वर्षांचं अंतर असतं. तेव्हा एक आजी म्हणजे पन्नास वर्षं. शाळेच्या व्हरांड्यात एकेका फरशीवर खडूने एकेक आजी लिहा आणि मुलीला चालू द्या.

पहिल्या फरशीवर तिची आजी. दुसरीवर आजीची आजी. तिसरी ओलांडते न ओलांडते तोच १६ एप्रिल १८५३ उजाडतो: बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी चौदा डबे आणि सुमारे चारशे माणसं घेऊन ठाण्यात शिरते. तिसऱ्या आजीच्या आईने, परकर सावरत, ती पाहिलीही असेल!

सातवी आजी मागे पडली की १६५७. महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, ते हे साल. पुढे इथल्याच खाडीत स्वराज्याची जहाजं बांधली गेली. मधे बायका किती? सात. हळदीकुंकवालासुद्धा याहून जास्त जमतात. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं. जे आपण पोवाड्यात ऐकतो, ते सात आज्यांच्या हाकेवर आहे.

मुलगी आता थांबायला तयार नसते. तिला चालू द्या. एकोणिसाव्या आजीपाशी ती अंबरनाथच्या शिवमंदिराच्या दारात पोचते. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला शिलालेख तिथे आहे. तेव्हा आपलं ठाणं ‘श्रीस्थानक’ म्हणून ओळखलं जाई. एकोणीस जणी! चौथीच्या एका वर्गात सहज बसतील.

म्हणून सालं पाठ करून घेण्याची घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं. आधी रांग लावून द्यावी. मग माजिवडा नाक्यावर बसची पाटी वाचतानाही मूल अडखळतं: ‘घोडबंदर’? घोडे आणि बंदर? कुठले घोडे, कुठून आले? अरबस्तानातून गलबतांवर आलेले घोडे तिथे उतरत, असं सांगतात.

या रविवारी मुलांना लोकलने अंबरनाथला घेऊन जा. देवळाच्या भिंतीवरचा काळा दगड हाताला कसा लागतो, ते बघू द्या. शिलालेखातला शक सांगा: ९८२. त्यात ७८ मिळवून इसवी सन काढायला त्यांनाच सांगा. उत्तर १०६० येतं.