टेंभरं, अंबाडी आणि मेंदूची रक्तवाहिनी

लाल अंबाडीची मूठभर बोंडं घ्या. बाहेरच्या जाड लाल पाकळ्या सोला, आतली बियांची हिरवी गाठ बाजूला काढा आणि पाकळ्या पाण्यात उकळा. चार-पाच मिनिटांत पाणी गर्द लाल होतं. ते गाळून दोन पेल्यांत ओता. एका पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. लाली मावळते आणि निळसर-हिरवट झाक येते. आता त्यातच लिंबू पिळा. फेस उसळतो आणि रंग पुन्हा लालाकडे वळतो.

हा सगळा खेळ अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. पाण्याचा आंबटपणा बदलला की त्याच्या रेणूची रचना बदलते, तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो. जांभळं खाताना सदऱ्यावर पडलेला डाग साबण लावताच निळा पडतो, तेही यामुळेच. गडचिरोलीतल्या कोरचीकडची जांभळं असोत की झाडीपट्टीतल्या परसातली अंबाडी, रंगाचं कूळ एकच.

या रंगद्रव्यांनी स्मरणशक्ती टिकते, असं हल्ली वरचेवर छापून येतं. त्याला आधार आहे, पण मथळ्यांत दिसतो तेवढा भक्कम नाही. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या 16 हजार परिचारिकांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्या बायांच्या बुद्धीची झीज काहीशी सावकाश होत होती; फरक फार तर अडीच वर्षांच्या वयाइतका. पण हे निरीक्षण होतं. आठवड्याला दोन-तीनदा बेरी विकत घेणारी बाई चालायलाही जात असेल, तिला डॉक्टरही जवळ असेल. संशोधक हिशेबात असे घटक वजा करतात, तरी सगळे वजा होत नाहीत. पुढे पालेभाज्या आणि बेरींवर भर देणाऱ्या 'माइंड' आहाराची रीतसर चाचणी झाली. 604 ज्येष्ठ, तीन वर्षं. 2023 मध्ये निकाल आला: आहार बदललेला गट आणि नुसतं खाणं थोडं कमी केलेला गट, दोघांचीही बुद्धी चाचण्यांमध्ये थोडी सुधारली, पण दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

गोंधळ वाढवला तो 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाने. परीक्षानळीत कोणतं फळ किती ऑक्सिडीकरण रोखतं याचे आकडे पाकिटांवर छापले जात होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने असा तक्ताच जाहीर केला होता. 2012 मध्ये त्यांनीच तो संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण नळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता. बसणार कसा? खाल्लेल्या अँथोसायनिनचा अगदी थोडा अंश जसाच्या तसा रक्तात उतरतो. बाकीचं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते तोडतात, आणि त्या तुकड्यांपैकी काही रक्तात शिरतात. जे काही काम होतं त्यात या तुकड्यांचा वाटा मोठा असावा.

मग गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाने अंबाडीकडे मेंदूसाठी बघावंच का? माझं उत्तर असं, की स्मरणशक्ती तूर्त बाजूला ठेवा आणि रक्तवाहिनीकडे बघा.

गडचिरोलीतल्या शोधग्राम येथील 'सर्च' या संस्थेने जिल्ह्यातल्या 86 गावांमध्ये एप्रिल 2011 ते मार्च 2013 या काळातल्या प्रत्येक मृत्यूचं कारण तपासलं. 1,599 मृत्यूंपैकी 229 पक्षाघाताने झाले होते. म्हणजे सातांतला एक. गावातल्या मृत्यूंचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं. बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. जंगलपट्टीत माणसं हिवतापाने आणि कुपोषणाने मरतात, अर्धांगवायू हा शहरातल्या बैठ्या माणसाचा आजार, ही ठाम समजूत या आकड्याने मोडली.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्क्यांच्या आसपास घेतो. हा पुरवठा करणाऱ्या बारीक धमन्यांच्या आत पेशींचं एक पातळ अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतं, त्याने धमनीचा स्नायू सैल पडतो आणि रक्त सहज वाहतं. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की हे अस्तर निकामी होत जातं, धमनी जाड आणि ताठर होते. मग ती एक दिवस तुंबते किंवा फुटते. काही माणसांत असा मोठा झटका कधी येतच नाही, पण बारीक बारीक भाग उपाशी राहून मेंदू हळूहळू मंदावतो. वनस्पतींची रंगद्रव्यं आणि त्यांचे तुकडे या अस्तराची नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची ताकद वाढवतात, याचे पुरावे स्मरणशक्तीच्या पुराव्यांपेक्षा बरे आहेत.

आणि इथे अंबाडी जांभळाच्याही पुढे जाते. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रक्तदाब किंचित वाढलेल्या 65 जणांपैकी काहींना याच लाल पाकळ्यांचा चहा दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे दिला. बाकीच्यांना तसाच रंग आणि चव असलेलं दुसरं पेय. चहावाल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 7.2 मिलिमीटरने उतरला, दुसऱ्या गटाचा 1.3 ने. चाचणी छोटी आणि थोडक्या दिवसांची होती, पक्षाघात टळतो का हे तिने तपासलंच नव्हतं. तरी परसातल्या बोंडासाठी हा निकाल लहान नाही.

दुसरं कूळ कॅरोटिनॉइडचं, पिवळ्या-केशरी रंगांचं. त्यातलं ल्युटिन विशेष. पालेभाज्यांत ते भरपूर असतं, पण हरितद्रव्याखाली झाकलेलं. तरोटा, धोपा, अंबाडीचा पाला, पावसाळ्यात आठवडी बाजारात येणारे रानभाज्यांचे ढीग हे त्याचे साठे. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर ल्युटिन जमतं हे जुनं ज्ञान. मेंदूच्या पेशीजालातही कॅरोटिनॉइडपैकी तेच सर्वांत जास्त सापडतं, हे अलीकडचं. म्हणजे निदान हा एक रंग तरी थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. 2018 मध्ये शिकागोतल्या 960 ज्येष्ठांच्या निरीक्षणात रोज वाटीभर पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी क्वचित किंवा अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा 11 वर्षांनी तरुण असल्यासारखी आढळली. वरची सावधगिरी इथेही लागू. मात्र कॅरोटिनॉइड तेलात विरघळतात. नुसत्या पाण्यात शिजवलेल्या पाल्यातून ते फारसे मिळत नाहीत. टोळंबीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची फोडणी घालणारी बाई हे न शिकताच बरोबर करत आली आहे.

वनस्पतीतलं म्हणून सगळंच चांगलं, असं मात्र नाही. इथल्याच धानाच्या बांध्यांत पेरल्या जाणाऱ्या लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचं रंगहीन द्रव्य असतं. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न लाखोळीच राहिली, की ते हालचालीच्या चेतापेशींना अतिउत्तेजित करून मारतं आणि पाय कायमचे ताठरतात. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे महाराष्ट्राने ती उठवली. एरवी वरणात थोडी लाखोळी खाणाऱ्याला धोका होत नाही, पण 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजुतीला हा दाणा पुरेसं उत्तर आहे.

आता टेंभरांकडे. तेंदूचं हे फळ उन्हाळ्यात पिकतं, आतला गर केशरी-पिवळा आणि गोड. शहरात महागड्या दराने मिळणारं पर्सिमन याच्याच प्रजातीतलं. पण या झाडाची बाजारातली ओळख फळाची नाही, पानाची आहे. कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणून हंगामाआधी खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, होते, काही ठिकाणी आगही लावली जाते. फांद्या छाटलेल्या झाडाला फळ कुठून धरणार? आणि ते पान जातं कुठे, तर बिडीत. धमनीच्या त्याच अस्तराला तंबाखूचा धूर थेट इजा करतो. एकाच झाडाचं फळ आणि पान असं एकमेकांविरुद्ध उभं राहिलेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने यात बाजू निवडली. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं: छाटणीने आणि आगीने जंगलाचं नुकसान होतं, पानातून निघणारा माल आरोग्याला घातक, आणि टेंभरं खाता येतात, विकताही येतात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाबद्दल आवर्जून लिहिलं. बांबूच्या उत्पन्नाने पाचगावला ते झेपलं, हेही खरं. ज्या घरात मे महिन्यातला रोकड पैसा पानांतूनच येतो, त्याला फळाचं महत्त्व सांगायला जाणं सोपं नाही.

बिडीपेक्षा आज मोठा प्रश्न खर्ऱ्याचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी दोन्ही जिल्ह्यांत चौकाचौकांत मिळते. थुंकी लाल होते तीही वनस्पतीच्या द्रव्यामुळेच. सुपारीतले पॉलिफिनॉल चुन्याने लाल पडतात. पण सोबतचं निकोटिन नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढवतं. दिवसाला चार खर्रे खाणाऱ्याने संध्याकाळी पेलाभर अंबाडीचं शरबत घेतलं, तर त्या 7.2 मिलिमीटरचं काय उरेल हे कोणी मोजलेलं नाही.

शरबताबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. अंबाडीच्या चटणीत आणि लोणच्यात मीठ घसघशीत पडतं, आणि मीठ रक्तदाब वाढवतं. म्हणून बोंडं उकळून, साखर बेताची घालून, पाणीच प्यावं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती बंद करू नये. अंबाडीचा अर्क काही गोळ्यांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतो, तेव्हा रोज पिणार असाल तर गोळी देणाऱ्या डॉक्टरला किंवा गावातल्या आशाताईला तसं सांगून ठेवावं, आणि त्यांच्याकडून महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा.