मिरजेची मजार आणि गवयांची हजेरी

नगर शहराला लागून, पुण्याच्या हमरस्त्यावर वसलेल्या आमच्या केडगावात रेणुकामातेचे जे देवस्थान आहे, तेथे नवरात्रात संबळ आणि तुणतुणे वाजू लागले म्हणजे गायन हा पूजेचाच एक उपचार होय, हे कोणास निराळे समजावून सांगावे लागत नाही. जवळच अरणगावी मेहेरबाबांची समाधी आहे. १९६९ साली त्यांचा देह तेथे ठेवण्यात आला त्या वेळी, त्यांच्याच इच्छेनुसार, ‘बिगिन द बिगीन’ या पाश्चात्त्य गीताची ध्वनिमुद्रिका वाजविली गेली होती. परंतु या दोन्ही ठिकाणी संगीत सेवकाच्या भूमिकेत उभे आहे. जेथे स्वतः गवईच पूज्य झाला आहे आणि ज्याच्या चौथऱ्यापुढे फुलांइतकाच स्वरांचाही मान आहे, असे स्थळ पाहावयाचे तर नगरच्या स्टेशनावर गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी, दौंडच्या पुढे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे विख्यात झालेले दुसरे केडगाव मागे टाकावे, आणि पुणे, सातारा, सांगली करीत मिरजेस उतरावे.

मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा प्राचीन दर्गा आहे आणि त्याच दर्ग्याच्या आवारात, किराणा घराण्याचे आद्य आचार्य म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. मूळचे उत्तरेकडील कैराना गावचे हे खाँसाहेब. जन्म १८७२ चा, घरची परंपरा सारंगीची, आणि तारुण्यातील काही वर्षे बडोदे संस्थानच्या दरबारी चाकरीत गेलेली. ते मिरजेचे कसे झाले याविषयी गावात एक कथा सांगतात. दुर्धर आजाराने जर्जर झालेल्या खाँसाहेबांना एका फकिराने मीरासाहेबांपुढे गाण्याची आज्ञा केली, ते गायले, त्यांना आराम पडला, आणि तेव्हापासून उरुसात हजेरी देण्याचा त्यांनी आमरण नेम धरला. कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यातील नेमाचे मोल अधिक वाटते; कारण राजेरजवाड्यांची बिदागी ज्याच्या घरी चालत येत होती, त्या कलावंताने जेथे बिदागीचा प्रश्नच उद्भवत नाही अशा दारी वर्षानुवर्षे जाऊन बसावे, यातच या स्थळाच्या पुढील इतिहासाचे बीज आहे.

खाँसाहेबांच्या गायकीचे वर्णन करताना ‘सुरेल’ हे विशेषण फारच अपुरे पडते. श्रुतींच्या सूक्ष्म अंतरांचा त्यांना जो साक्षात्कार होता, त्याचा उपयोग सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी, न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी आपल्या श्रुतिसंशोधनात करून घेतला. तंबोरा जुळविण्यात खाँसाहेबांचा हात धरणारा विरळा. वाद्यांची दुरुस्तीही ते स्वहस्ते करीत. १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय सुरू केले. सवाई गंधर्व, बेहेरेबुवा, कपिलेश्वरीबुवा, रोशन आरा बेगम अशी त्यांची शिष्यशाखा, आणि तीतून पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर. दक्षिणेत खाँसाहेबांचे जाणे-येणे इतके वाढले होते की कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांनी आपल्या ख्यालात आणली आणि संत त्यागराजांची खरहरप्रियातील एक कृतीदेखील ध्वनिमुद्रित केली.

याच दक्षिणेच्या वाटेवर त्यांना मृत्यू आला. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासेकडून पाँडिचेरीस निघाले असता गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले, म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले, फलाटावरच बिछाना पसरविला, आणि प्रार्थना करीत असतानाच २७ तारखेला त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. शेवटची ती प्रार्थना त्यांनी दरबारी रागात म्हटली, असे शिष्यपरिवारात परंपरेने सांगितले जाते. दफन मात्र मिरजेतच, जेथे हयातभर हजेरी दिली त्याच दर्ग्याच्या छायेत झाले.

त्यागराजांचा उल्लेख वर आलाच आहे, तर कावेरीकाठच्या तिरुवैयारूकडे क्षणभर वळणे अप्रस्तुत होणार नाही. १८४७ साली निवर्तलेल्या त्या संतकवीच्या दुर्लक्षित समाधीवर देवालय उभारले ते देवदासी कुळात जन्मलेल्या बंगळूर नागरत्नम्मा यांनी, आपली मिळकत खर्ची घालून. आणि ज्या आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, तेथे ती मुभाही त्यांनीच झगडून मिळविली. ग्वाल्हेरीस तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने कंठ मधुर होतो, या समजुतीने गवयांच्या पिढ्या तेथे येऊन गेल्या. तिन्ही स्थळांचा मी विचार करतो तेव्हा असे स्पष्ट दिसते की गवयाची समाधी संगमरवराने टिकत नाही, शासनाच्या अनुदानाने तर नाहीच नाही. कोणीतरी दरसाल येऊन तेथे गावे लागते. ज्या थोर शाहिरांच्या आणि तमासगिरांच्या समाधीपुढे गाण्याचा असा रिवाज पडला नाही, त्यांचे दगड गवतात दिसेनासे झाले आहेत, आणि याची खंत आम्हा नगर जिल्ह्यातील माणसांना तरी असली पाहिजे. कारण शाहीर अनंत फंदी संगमनेरचे आणि तमासगीर पवळाबाई हिवरगावची.

मिरजेत हा रिवाज पडला आणि टिकला. दर उरुसात, मीरासाहेबांना गलेफ चढविण्याचे विधी पार पडल्यावर, खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि लहानथोर कलावंत सेवा म्हणून गातात. गलेफाचा पहिला मान परंपरेने चर्मकार समाजाचा आहे. स्वरांचा मान ज्याला गाता येते त्याचा. शेजारच्या सतारमेकरांच्या गल्लीत याच सुमारास तंबोऱ्यांच्या जवाऱ्या घासून तयार होत असतात. फरीदसाहेब सतारमेकरांपासून, म्हणजे गेल्या शतकाआधीच्या शतकाच्या मध्यापासून, चालत आलेला हा धंदा. भोपळा निवडून वाळवावा, त्यावर तबली बसवावी, दांडी जोडावी, आणि सरतेशेवटी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवीत सरकवीत, जेथे तार झंकारून बोलू लागते तो नेमका बिंदू कानाने शोधावा. हा बिंदू कोणत्याही मापाने सापडत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहेच. परंतु जवारी काढणारा कान पुढच्या पिढीस लाभेल तो अशा सभांतूनच, हे मी आग्रहाने सांगेन.

या सभेला आणखी एक इतिहास आहे, आणि तो मला सर्वांत हृद्य वाटतो. बडोद्याच्या सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी खाँसाहेबांनी संसार मांडला. १९२२ साली त्या मुलांना घेऊन विभक्त झाल्या, आणि मुलांनी नावे बदलून आईच्या कुळाचा आश्रय केला. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई आणि सकीनाची सरस्वती. पित्याचे छत्र हरपले तरी गळ्यात उतरलेला पित्याचा स्वर कोणी काढून घेऊ शकत नव्हते. महाराष्ट्राने तो पुढे हिराबाई बडोदेकरांच्या कंठातून घरोघर ऐकला. ज्या पित्याच्या घरातून बाहेर पडावे लागले, त्याच्या मजारीपाशी हिराबाई येत आणि तंबोरे जुळवून उरुसात आपली हजेरी देत.