वेगाचा गडी, दमाचा गडी

युसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत संपवले. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोची मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पूर्ण केली. त्याच्या वेळेचा हिशेब मांडला तर दर १०० मीटरला सरासरी १७.१५ सेकंद पडतात, आणि असे १०० मीटर त्याने मध्ये कुठेही न थांबता ४२१ वेळा काढले. पहिलं मिनिटभर बोल्टला ही गती किरकोळ वाटेल. पुढे काही मिनिटांतच तो कंबरेवर हात ठेवून उभा दिसेल.

शाळेच्या क्रीडामहोत्सवात एकच पोरगी १०० मीटरही मारते आणि ३००० मीटरही. जागतिक पातळीवर मात्र असं कुणाला जमलेलं नाही, आणि त्याचं कारण जिद्दीत नाही, शरीरात आहे. १०० मीटरचा धावपटू श्वासावाटे येणाऱ्या प्राणवायूची वाट पाहत बसत नाही. स्नायूंत आधीच साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट आणि प्राणवायूविना मोडली जाणारी साखर यांवरच त्याची शर्यत उरकते. अंतर वाढलं की हिशेब बदलतो. ४०० मीटरमध्ये साधारण चाळीस टक्के ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर मिळते, ८०० मध्ये जवळपास दोन तृतीयांश आणि १५०० मध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर. म्हणजे वेग आणि दम यांच्यातली खरी सीमा ४०० आणि ८०० यांच्या मधून जाते.

ही सीमा ओलांडून दोन्हीकडे वैयक्तिक सुवर्ण जिंकणं ऑलिम्पिकमध्ये एकाच पुरुषाला जमलं आहे. १९७६ साली, माँट्रियलला, क्यूबाच्या अल्बर्तो हुआंतोरेनाला. हा उंचापुरा गडी मूळचा बास्केटबॉलचा. ट्रॅकवर आला तो ४०० मीटरसाठी, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीतच बाद झाला होता. ८०० मीटरकडे त्याला वळवलं ते झाबिएझोव्स्की या पोलिश प्रशिक्षकाने. माँट्रियलला ८०० ची अंतिम शर्यत आधी होती, २५ जुलैला. पहिल्या फेरीत सगळ्यांत पुढे कोण होतं? राजपुताना रायफल्सचा आपला श्रीराम सिंग! त्याने पहिले ४०० मीटर ५१ सेकंदांच्या आत काढले आणि त्या तापलेल्या गतीवर हुआंतोरेनाने पुढे १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला. विक्रमाचं श्रेय त्याने नंतर श्रीरामच्या त्या गतीलाही दिलं. श्रीराम सातवा आला, पण त्याची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ भारतीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत टिकली. चारच दिवसांनी, २९ जुलैला, हुआंतोरेनाने ४०० मीटरही ४४.२६ सेकंदांत जिंकली. मधल्या दिवसांत प्राथमिक फेऱ्या होत्याच. आफ्रिकी देशांच्या बहिष्कारामुळे केनियाचा माइक बॉइट त्या ८०० मध्ये नव्हता, हे सांगायला हवं. पण विश्वविक्रम बहिष्काराने होत नाही.

महिलांमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोख्विलोव्हाने १९८३ च्या हेलसिंकी जागतिक स्पर्धेत हीच जोडी साधली. ८०० चं सुवर्ण घेऊन दुसऱ्याच दिवशी ४०० मीटर ४७.९९ सेकंदांत, विश्वविक्रमासह. त्या काळातल्या पूर्व युरोपीय कामगिरीवर शंकेची सावली कायम राहिली, तिच्यावरही. मात्र ती कधीही उत्तेजक चाचणीत दोषी ठरली नाही.

हुआंतोरेना ४०० वरून ८०० कडे गेला, ही दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. सिफान हसनने १५०० आणि मैलात नाव काढलं, टोकियोत ५००० आणि १०,००० ची सुवर्णं घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला मॅरेथॉन जिंकली. मो फराहची १५०० मधली ३ मिनिटं २८.८१ सेकंद आणि मॅरेथॉनमधली २ तास ५ मिनिटं ११ सेकंद ही दोन्ही एकाच माणसाची कामगिरी आहे. सगळे कमी अंतराकडून लांब अंतराकडे सरकले. दहा हजार मीटरचा विजेता पुढे ४०० मीटरचा विजेता झाला, असं उदाहरण मला तरी सापडत नाही. हे दार एकाच बाजूने उघडतं.

असं का, याचा धागा १९८० साली संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळतो. काही जणांनी फक्त वजनं उचलली, काहींनी फक्त दमाचा व्यायाम केला आणि काहींनी दोन्ही. दहा आठवड्यांच्या शेवटी दोन्ही करणाऱ्यांचा दम फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला, पण ताकद आधी वाढून मग घसरू लागली. दमाच्या सरावाने ताकदीला खीळ बसते, उलट फारसं घडत नाही. जलद आकसणारे स्नायूतंतू सरावाने प्राणवायू अधिक वापरायला शिकतात. मंद तंतूंना जलद करणं फार कठीण. शिवाय अंगकाठी आहेच: बोल्ट नव्वद किलोंच्या वरचा, मॅरेथॉनपटू किपचोगे पन्नाशीच्या जरा पुढे.

मधली तडजोड कशी दिसते ते दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये कळतं. ॲश्टन ईटनने २०१५ मध्ये बीजिंगला १०० मीटर १०.२३ आणि ४०० मीटर चक्क ४५.०० सेकंदांत पळून दाखवली. दुसऱ्या दिवशी, दहावा प्रकार म्हणून, १५०० मीटरला त्याला ४ मिनिटं १७.५२ सेकंद लागले. त्या अंतराचा विश्वविक्रम ३ मिनिटं २६ सेकंदांचा आहे. तरीही त्या दिवशी तो जगातला सर्वांत अष्टपैलू खेळाडू होता, आणि माझ्या लेखी 'दोन्ही' या शब्दाला एवढंच उत्तर पुरेसं आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सीमेच्या पलीकडचा, दमाचा गडी. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, अर्धमॅरेथॉन एक तास ३० सेकंदांत, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण व ५००० चं रौप्य. पण स्टीपलचेस असो की ५०००, निकाल बहुतेक वेळा शेवटच्या फेरीत लागतो. लंडन २०१२ मध्ये फराहने ५००० आणि १०,००० ची सुवर्णं घेतली ती शेवटचे ४०० मीटर ५३ सेकंदांच्या आसपास पळून.

म्हणून तालुक्या-तालुक्यांतल्या क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. बारा-तेरा वर्षांच्या पोराला बक्षिसाच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरवण्याआधी दोन-तीन वर्षं त्याला ६० आणि १०० मीटर जोरात पळू द्या. दम पुढेही कमावता येतो.