एका रानतापाची जनुककुंडली

जोयडा तालुक्याचे नाव काढले की बेळगाव-धारवाडकडील स्नेह्यांना काळी नदी, सुपा धरण, उळवीची यात्रा आणि वाघांचे अभयारण्य आठवते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हा विस्ताराने सर्वांत मोठा आणि वस्तीने अगदी विरळ असा तालुका. पूर्वी त्याला सुपा तालुकाच म्हणत. धरणाच्या पाण्याखाली सुपा गाव गेले आणि तालुक्याचे नावही मागे पडले. येथील कुणबी समाज घरात कोकणी बोलतो, मराठी त्याला परकी नाही आणि कचेरीत कन्नड चालते. मी या भागात वैद्यकी करू लागल्यापासून येथला पावसाळा मला हिवतापाचा आणि जुलाबांचा म्हणून ठाऊक झाला. पण डिसेंबर ते मे हा कोरडा काळ मला अधिक अस्वस्थ करतो. या दिवसांत रान सुकते, पाचोळ्याचा थर साचतो, गोठ्यात अंथरण्यासाठी तो पाचोळा डोक्यावरून घरी येतो आणि त्याबरोबर मोहरीहून लहान गोचीडही येते.

रोगाचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, आपल्याकडे माकडताप. जोयड्याच्या चारी बाजूंचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर या विषयाचे आम्हांला काय पडले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पश्चिमेस गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली, तेथून वर सिंधुदुर्गातील दोडामार्गमध्ये २०१६ साली आणि बांदा परिसरात २०१७ साली हा ताप आढळला. गोव्यात काजूच्या हंगामासाठी गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही तो झाला. दक्षिणेस आमच्याच जिल्ह्याच्या सिद्धापूर तालुक्यात २०२४ साली त्याने पुन्हा डोके वर काढले. आमच्या गावांतील माणसे याच रानांतून ये-जा करतात.

या रोगाचा इतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा आहे, कारण त्याचे निम्मे कथानक पुण्यात घडले. सन १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरून पडू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने आजारी पडले. माकडे मरतात आणि माणसांना रक्तस्रावी ताप येतो, हे चित्र आफ्रिका-अमेरिकेतील पीतज्वराचे. पीतज्वर भारतात उतरला की काय, या शंकेने आरोग्यखाते हादरले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली पुण्यात स्थापन केलेले विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी जंगलात उतरले, मृत माकडांतून आणि रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा केला, आणि तो पीतज्वराचा नसून रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला आहे असे दाखवून दिले. पुढे हा विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतील अनेक कर्मचारीच आजारी पडले. त्या पिढीने दिलेली ही किंमत आपण फारशी आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी एका वयस्क कुणबी गृहस्थांनी मला विचारले होते, “डॉक्टरसाहेब, ताप कशाचा ते तुम्हांला कळले, मग त्यावर गोळी का नाही?” मी म्हटले, “मामा, तो किडा स्वतः काहीच करत नाही. सगळे आपल्याकडूनच करून घेतो.” उत्तर त्या वेळी तोडके होते, पण चुकीचे नव्हते. ते पुरे करायचे तर विषाणूच्या पोटात शिरावे लागेल.

विषाणूचा गोळा सुमारे ५० नॅनोमीटरचा. म्हणजे असे २० गोळे एका रांगेत ठेवले तर एक मायक्रोमीटर भरतो. आत आरएनएची एकच साखळी, सुमारे १०,७७४ अक्षरांची. मानवी जनुकसंचाची ३०० कोटी अक्षरे शेजारी ठेवली म्हणजे ही पोथी किती बारीक ते ध्यानात येते. ही साखळी ‘अधिक’ जातीची असल्याने पेशीचा रायबोसोम तिला थेट संदेश समजून वाचू लागतो. विषाणूला बरोबर कोणतेही यंत्र आणावे लागत नाही, चिठ्ठी पोचली की पुरे.

गोचिडीच्या लाळेतून विषाणू त्वचेत उतरतो. त्याच्या पृष्ठभागावर आवरण-प्रथिनाच्या १८० प्रती जोडीजोडीने आडव्या निजलेल्या असतात. ही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि पेशी त्याला एका पिशवीत घालून आत ओढून घेते. पिशवीतले वातावरण हळूहळू आम्ल होते. पेशीचा हेतू आत घेतलेला माल पचवण्याचा असतो; विषाणू मात्र त्याच आम्लाची वाट पाहत असतो. आम्लता वाढताच आडवी प्रथिने उठून तिघा-तिघांच्या गटाने उभी राहतात, पिशवीच्या पडद्यात आपले टोक रुतवतात आणि दोन्ही पडदे एकजीव करून आरएनए पेशीद्रव्यात सोडतात.

आता वाचन सुरू होते. रायबोसोम एका टोकाकडून निघतो आणि न थांबता ३,४१६ अमिनो आम्लांचे एकच लांबलचक प्रथिन विणतो. ते जसेच्या तसे निरुपयोगी असते. ठराविक जागी कापून त्याची दहा प्रथिने करावी लागतात: तीन बांधणीची, म्हणजे गाभा, आवरणपूर्व आणि आवरण, आणि सात कामकरी. कापण्याचे काही काम पेशीची विकरे करतात, उरलेले विषाणूचे एनएस-३ हे प्रथिन आपल्या एनएस-२बी या सोबत्याच्या मदतीने करते. ज्या कात्रीने कापायचे ती कात्रीच त्या अखंड कापडात विणलेली असते, आणि ती आधी स्वतःला कापून मोकळी होते. शरीरक्रियाशास्त्र शिकताना मला इतके आश्चर्य क्वचितच कशाचे वाटले असेल.

दुसरा महत्त्वाचा कारागीर एनएस-५. मानवी पेशी आरएनएवरून आरएनए उतरवून घेण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही, त्यामुळे नक्कल करणारा लेखक विषाणूला स्वतःचाच लागतो. साखळीच्या दोन टोकांना परस्परांना जुळणारी अक्षरे असतात. ती एकमेकींना धरतात, साखळी वर्तुळाकार होते आणि एनएस-५ प्रथम तिची ‘उणे’ नक्कल उतरवतो. त्या साच्यावरून मग अनेक ‘अधिक’ साखळ्या निघतात. दुहेरी आरएनए दिसताच पेशीतील पहारेकरी इंटरफेरॉनची हाक देतात. म्हणून हे काम उघड्यावर होत नाही. पेशीच्या आंतरद्रव्यजालिकेच्या पडद्यात लहान लहान खोल्या करून त्यांच्या आड ते चालते. शिवाय याच एनएस-५ ला इंटरफेरॉनचा संदेश दडपण्याचे कामही साधते. नव्या साखळीभोवती गाभा-प्रथिन जमते, पडद्याचे आवरण चढते, आणि गॉल्गी पिंडातून बाहेर पडताना पेशीच्याच फ्युरिन या विकराकडून आवरणपूर्व प्रथिन छाटले गेले की विषाणू दुसऱ्या पेशीला लागण करण्यास सिद्ध होतो.

मामांच्या गोळीचा प्रश्न येथे सुटतो, किंवा निदान कळतो. रायबोसोम आपला, पडदे आपले, फ्युरिन आपले. त्यांवर घाव घातला तर रुग्णावरच घाव. विषाणूच्या मालकीची अशी अवजारे मुख्यतः दोनच, एनएस-३ ची कात्री आणि एनएस-५ चा बोरू. मार्ग बंद आहे असे नाही. याच मोठ्या कुळातील यकृतदाह-सी विषाणूच्या लेखक-प्रथिनावर घाव घालणारे सोफोसबुविर २०१३ साली मान्य झाले आणि असाध्य वाटणारा तो रोग काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. पण यकृतदाह-सी चे रुग्ण जगभर कोट्यवधी होते. माकडतापाचे वर्षाला सरासरी चार-पाचशे, तेही गुरे राखणारे, लाकूडफाटा आणणारे आणि काजू वेचणारे. त्यांच्यासाठी गोळी शोधण्याचे अर्थशास्त्र जुळत नाही. माझ्या मते अडचण जीवशास्त्राची कमी आणि हिशेबाची अधिक आहे.

एनएस-५ हा लेखक घाईचा आहे आणि लिहिलेले पुन्हा तपासून पाहत नाही. अशा आरएनए-लेखकांकडून साधारण दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे या विषाणूच्या प्रत्येक नकलेत नाही तरी दहांतील एकीत तरी काहीतरी बदललेले असणारच. एवढ्या चुका होत असतील तर साठ-सत्तर वर्षांत विषाणू ओळखू न येण्याइतका बदलायला हवा होता. प्रत्यक्षात तसे झालेले नाही, आणि त्याचे कारण बहुधा गोचीड आहे.

हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचे आयुष्य तीन जेवणांचे. पावसाळा सरता अंड्यांतून निघालेल्या अळ्या उंदीर, चिचुंद्री, माकड यांचे रक्त पितात. कात टाकून बालगोचीड होते, आणि तीच डिसेंबर-मेमध्ये माकडांना व माणसांना चावते. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गाईगुरांवर व गव्यांवर जगते. अळीने घेतलेला विषाणू कात टाकल्यावरही बालगोचिडीत टिकून राहतो. दोन जेवणांच्या मधल्या महिन्यांत गोचीड उपाशी, आणि विषाणूही जवळजवळ स्वस्थ. डासांमधून भराभर फिरणाऱ्या डेंगीच्या मानाने याच्या पिढ्या वर्षाकाठी थोड्याच होतात. शिवाय जो बदल माकडाच्या पेशीत सोयीचा तो गोचिडीच्या पेशीत घातक ठरू शकतो. दोन्ही घरी चालेल तेवढाच बदल टिकतो. माणूस या फेऱ्यात आगंतुक. त्याच्याकडून विषाणू पुढे जात नाही, रुग्णाशेजारी बसल्याने ताप लागत नाही. मेलेले माकड मात्र धोक्याचे. त्याच्या अंगावरच्या गोचिडी तेथेच उतरतात आणि तेवढा रानाचा तुकडा विषारी होतो. साठच्या दशकात कोलंबियाचे जॉर्ज बोशेल यांनी या परिसरशास्त्राचा बारकाईने अभ्यास केला होता.

विषाणू आला कोठून, हा वाद जुना. रशियन कुळ पाहून आधी संशय स्थलांतरित पक्ष्यांवर गेला, आणि त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सालिम अली व मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची मोठी मोहीम हाती घेतली. पक्षिशास्त्राचा त्यात मोठा लाभ झाला. विषाणूचे मूळ मात्र सायबेरियात सापडले नाही. त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद नव्वदच्या दशकात सौदी अरेबियात मिळाला, तो अलखुर्मा विषाणू. दोघांच्या जनुकांत सुमारे आठ टक्के अंतर. २००९ च्या एका अभ्यासाने त्यांचा समाईक पूर्वज १९४२ च्या सुमारास ठरवला, तर २०११ मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून केलेल्या दुसऱ्या अभ्यासाने तो सुमारे ७०० वर्षे मागे नेला. मला दुसरा निष्कर्ष अधिक पटतो. गोचिडीच्या मंद घड्याळात आठ टक्के अंतर इतक्या थोड्या काळात पडणे कठीण.

आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केले. १९५७ ते २०१७ या साठ वर्षांतील ४८ संपूर्ण जनुकसंच त्यात तपासले होते. जुने कर्नाटकी विषाणू (१९५७ ते १९७२) आणि नवे (२००६ ते २०१७) यांत अंतर अवघे २.७६ टक्के, नवी शाखा १९८० च्या सुमारास फुटलेली, आणि तिची वाट कर्नाटकातून गोवा व महाराष्ट्राकडे गेलेली. ती वाट आमच्या परिसरावरून जाते. आवरण-प्रथिनाच्या १२३ व्या स्थानी अ‍ॅलानीनच्या जागी थ्रिओनीन, असा एक बदल निवडीने टिकल्याची चिन्हे त्यांना दिसली. जनुकाच्या भाषेत हा एका अक्षराचा फरक: जीच्या जागी ए. पण जागा मोक्याची, आडव्या जोड्या जेथे एकमेकींना टेकतात त्याच्या लगतची.

यावरून पुष्कळांनी झटपट असा अर्थ काढला की विषाणू बदलल्यामुळेच लस निकामी झाली. हे मला घाईचे वाटते. १९९० पासून वापरात आलेली लस कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून फॉर्मॅलिनने मारलेल्या जुन्या विषाणूची होती. २००५ ते २०१० या काळाच्या पाहणीत दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसले. पण एवढ्या मात्रा घेणारे थोडे, कारण टोचल्यावर दंड दुखतो आणि बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. पुढे उत्पादित मात्रा गुणवत्तेच्या कसोटीस उतरेनात, आणि २०२२ मध्ये कर्नाटकाने तिचा वापर थांबवला. म्हणजे दोष प्रथम कारखान्यातील गुणवत्तेचा. १२३ व्या अक्षराचा त्यात वाटा किती, हे नव्या लसीने तयार होणारी प्रतिपिंडे दोन्ही शाखांवर तपासल्यावरच ठरेल. परिषदेने नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. तोवर जोयड्याच्या रानात जाणाऱ्या माणसाजवळ डेपा तेल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि घरी परतल्यावर गरम पाण्याची अंघोळ एवढेच आहे.

आणि आपल्याजवळ, म्हणजे वैद्यांजवळ, वेळेचे भान. चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत अचानक ताप, असह्य अंगदुखी, लाल डोळे, टाळूवर बारीक पुटकुळ्या. ताप मोठा असूनही नाडी संथ. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट उतरतात, त्यामुळे डेंगी समजून रुग्ण पुढे धाडला जातो. विषाणू रक्तात असतो तो पहिल्या आठवड्यात, तेव्हाच आरटी-पीसीआर उपयोगी. नंतर आयजीएम प्रतिपिंडे पाहावी लागतात. दहा-वीस टक्के रुग्णांत ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा चढतो, या वेळी मान ताठ, भ्रम, कंप यांसह. मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्के. म्हणून डिसेंबर ते मे या काळात आमच्याकडून कोणी तापाचा रुग्ण बेळगाव, हुबळी किंवा गोव्याला आपल्यापैकी कोणाकडे आला, तर त्याला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: गेल्या दहा दिवसांत रानात गेला होतास का, आणि मेलेले माकड कोठे पाहिलेस का? दुसऱ्याचे उत्तर होय आले, तर नमुना बर्फात घालून त्याच दिवशी पाठवावा आणि आमच्या तालुका आरोग्याधिकाऱ्यांना दूरध्वनी करावा. ते रान पंचायतीला दवंडी पिटून बंद करता येते.