रात्रीच्या मुक्कामाचा हक्क

भिलाई नगरातून जाणारा जी. ई. रोड, म्हणजेच जुना ग्रेट ईस्टर्न रोड, पश्चिमेस दुर्ग व राजनांदगाव ओलांडून नागपूरच्या दिशेने निघून जातो. या रस्त्यावर आपल्या फटफटीत पेट्रोल भरून घेणाऱ्या तरुणाच्या मनात कधीतरी येतेच, की हीच गाडी अशीच पुढे हाकीत नेली तर कोठवर जाईल? नकाशाला विचारले तर उत्तर मिळते, थेट युरोपापर्यंत.

हा विचार नवा नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण साध्या सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांची वाट तुडवून मार्च १९२८ मध्ये परतले. इराण व इराकच्या वाळवंटांतून ते युरोपकडे गेले होते. पुढे याच वाटेने युरोपातील तरुण जुन्या मोटारगाड्या घेऊन हिंदुस्थानकडे येऊ लागले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरले, आणि ती वहिवाट मोडली. आज बहुतेकांना गाडी जहाजाने पाठवावी लागते, नाहीतर तिकडेच भाड्याने घ्यावी लागते.

तरीही समजा, भिलाईचे दोन मित्र आपल्या गाड्या घेऊन खुष्कीनेच निघाले. इराणसारख्या देशात गाडी न्यावयाची तर 'कार्ने' नावाचे पुस्तक जवळ असावे लागते. आपल्याकडे ते वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारखी संस्था देते. ही गाडी परदेशात विकली जाणार नाही, ती परत नेली जाईल, अशी ती हमी असते. तिच्यापोटी अनामत ठेवावी लागते, आणि काही देशांकरिता ती गाडीच्या किमतीहूनही अधिक असते. एखाद्या नाक्यावर बाहेर पडतानाचा शिक्का मारून घ्यावयाचा राहिला, तर वर्षानुवर्षांची बचत अडकून पडते. युरोपीय संघात मात्र परदेशी प्रवाशाची गाडी साधारणतः सहा महिने या पुस्तकावाचून फिरू शकते. तिच्या मालकाला शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. गाडीला सहा महिने आणि माणसाला तीन, हा हिशेब मोठा गमतीचा आहे!

पण खरी परीक्षा नाक्यावर होत नाही, ती दिवस मावळल्यावर होते. रोज हॉटेलात उतरणे परवडत नाही, म्हणून तर राहुटी बरोबर घ्यावयाची. ती ठोकावयाची कोठे? आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर दिंड्या शेतात, देवळात, शाळेच्या आवारात उतरतात आणि कोणी त्यांना उठवीत नाही. परंतु तो रिवाज आहे, कायदा नव्हे. नॉर्वेने मात्र १९५७ साली त्याचा कायदाच केला. तेथे पडीक माळावर, रानात किंवा डोंगरावर, मालक कोणीही असो, वसत्या घरापासून १५० मीटर दूर राहून कोणालाही राहुटी ठोकता येते आणि परवानगीवाचून दोन रात्री काढता येतात. स्वीडनमध्ये अशाच जुन्या लोकाचाराला १९९४ मध्ये राज्यघटनेत जागा मिळाली. जमीन मालकाची, पण तिच्यावरून चालण्याचा व तेथे विसावण्याचा हक्क सर्वांचा. अपरिचिताला इतका मान देणारे कायदे जगात थोडेच असतील.

एक मेख मात्र आहे. हा हक्क पायी चालणाऱ्याचा आहे. यंत्रावर बसून रानात शिरता येत नाही. गाडी रस्त्याकडेला ठेवावी, राहुटी खांद्यावर घ्यावी आणि चालू लागावे. मग सोबत्याचे मोल कळते. एकट्याला सारे सामान वाहून न्यावे लागते, नाहीतर गाडीच्या काळजीने झोप येत नाही. दोघांत गाड्या दोन असल्या तरी राहुटी एक, स्टोव्ह एक, हत्यारांची पेटी एक पुरते. अर्थात एका राहुटीत महिनाभर राहून टिकलेली मैत्री हीही काही लहान कमाई नव्हे.

युरोपात सर्वत्र ही मोकळीक नाही. ग्रीसमध्ये उघड्यावर तंबू ठोकण्यास मनाई आहे, इटलीतही ठिकठिकाणी निर्बंध आहेत. आणि फटफटीवाल्यांची पंढरी म्हणावी असा स्टेल्व्हिओ घाट इटलीतच! १८२० ते १८२५ या काळात बांधलेला हा घाट २,७५० मीटरांहून उंच चढतो आणि त्याच्या एका बाजूसच ४८ नागमोडी वळणे आहेत. हिवाळ्यात तो बंद असतो. उन्हाळ्यातही माथ्यावर कधी बर्फ पडते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या भिलाईकराला थंडीची कल्पना असते, पण भिजल्या अंगावर धावत्या गाडीचा वारा घेण्याची नसते. बोटे बधिर होतात, ब्रेक वेळेवर आवळला जात नाही. अशा वेळी वाटेत थांबून पथारी टाकण्याची सोय नसल्यामुळे खालच्या दरीतील राहुट्यांचे भाड्याचे आवार अंधारापूर्वी गाठावेच लागते. म्हणून त्या घाटात शिरण्याआधीच, दुपारी, ऊन चांगले असतानाच, गाड्या उभ्या करून दोघांनी नकाशा उघडावयाचा असतो आणि रात्रीच्या जागेपासून उलटे तास मोजीत वर चढावयाचे की नाही ते ठरवावयाचे असते.