गाडीतलं काय काढायचं, काय ठेवायचं?



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "ताई, गाडीचं घरातले पुरुष बघतील, आपल्याला काय करायचंय?" पण गेल्या काही वर्षांत चित्र बदललंय. कुठे गटाने पापड-मसाला बाजारात न्यायला जुनी व्हॅन घेतलीय, कुठे मुलाने हप्त्यावर कार आणलीय, तर कुठे ताई स्वतःच गाडी शिकतायत. त्या गाडीत आपण बसतो, आपली लेकरं बसतात आणि हप्त्याचे पैसेही बऱ्याचदा आपल्या बचतीतून जातात. मग त्या गाडीत काय राहील आणि काय निघेल, हे आपल्यालाही कळायला हवं.

गाडी घरी आली की दोन-चार दिवसांत कुरकुर सुरू होते. "हा आवाज कशाला वाजतो? हे खोकं काय कामाचं? मागचं सीट जागा खातं, काढून टाकू." गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो तासाभरात काढून देतो. पण कंपनीतून बसवून आलेली प्रत्येक वस्तू सारखी नसते. काही वस्तू काढल्या तर काहीच बिघडत नाही. काही काढल्या तर दंड होतो आणि काही काढल्या तर जीव जातो. म्हणून हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. ही वस्तू जिवाची आहे का? कागदावरची आहे का? वायरीची आहे का? तिन्हींचं उत्तर "नाही" आलं, तर ती नुसती सोयीची वस्तू. ती खुशाल काढा.

आधी जिवाच्या वस्तू बघू. सीट बेल्ट, एअरबॅग, सीटच्या वर डोक्यामागे असलेली उशी आणि मागच्या दाराचं चाइल्ड लॉक या त्या वस्तू.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती सीट बेल्टच्या आवाजाची. बेल्ट लावला नाही की टिंग टिंग सुरू. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग, बेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि गाडी मागे घेताना सावध करणारा सेन्सर बंधनकारक झाले. वेग ८० च्या पुढे गेला की अधूनमधून आवाज येतो, १२० च्या पुढे गेला की थांबतच नाही. हे आवाज त्रास द्यायला नाहीत, सावध करायला आहेत.

आता काहीजणींचा अनुभव असा असतो की पुढच्या सीटवर माणूसच नाही, तरीही आवाज येतोय. त्याचं कारण साधं आहे. त्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही तिथे पिठाचा डबा किंवा भाजीची पिशवी ठेवली की त्याला वाटतं, माणूस बसलाय. उपायही साधाच. पिशवी मागे, खाली ठेवा. आवाज बंद. त्यासाठी बाजारात मिळणारी ती नुसती लोखंडी क्लिप खाचेत खुपसू नका. ती लावली की गाडीला वाटतं बेल्ट लागलाय, आणि माणूस मात्र मोकळाच असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना अशा क्लिपा विकणं बंद करायला सांगितलं. जुनी गाडी घेतली आणि त्यात अशी क्लिप सापडली, तर ती पहिल्याच दिवशी काढून भंगारात टाका. ही वस्तू खरंच नको असलेली.

"बेल्ट पुढच्यांनी लावायचा, मागे काय गरज?" असंही म्हणतात. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या कारला अपघात झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. एवढी महागाची गाडी, पण बेल्टचं काम दुसरं कुणी करू शकलं नाही. आपल्याकडे मागच्या सीटवर बहुतेक वेळा बायका आणि मुलंच बसतात. आणि सीट कव्हर घालताना मागच्या बेल्टचे हूक कव्हरखाली दाबले जातात तेही तिथेच. ते आजच वर काढून ठेवा. बेल्ट न लावण्याचा दंड १००० रुपये आहे, पण खरा हिशेब दंडाचा नाही.

एअरबॅगचं ऐका. ही पिशवी चालकासमोर स्टिअरिंगमध्ये असते आणि शेजाऱ्यासाठी असेल तर समोरच्या डॅशबोर्डमध्ये असते. जोराची धडक बसली की पापणी लवायच्या आत ती फुगते. त्या झाकणावर काही चिकटवलेलं असेल, तर ते तेवढ्याच वेगाने तोंडावर येतं. म्हणून देवाची मूर्ती, घड्याळ, अत्तराची बाटली त्या झाकणावर नको. बाप्पाला बसवायचंच असेल तर मधल्या जागेत, हलकी मूर्ती बसवा. काही गाड्यांत सीटच्या कडेलाही एअरबॅग असते. तिथे इंग्रजीत "एअरबॅग" लिहिलेली छोटी पट्टी दिसते. अशा सीटला साधं घट्ट कव्हर घातलं तर पिशवी अडकते. तिथलं कव्हर काढा किंवा कडेला मोकळं ठेवलेलं कव्हर घ्या.

आणि लेकुरवाळ्या मैत्रिणींनो, बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. पिशवी फुगली की ती आधी बाळावर आदळते. "मग एअरबॅगच काढून टाकू" असं कुणी म्हणेल. एअरबॅग काढायची नाही, आपण मागे बसायचं.

जुनी गाडी घेताना एक परीक्षा घरच्या घरी करता येते. चावी फिरवली की समोर एअरबॅगचा छोटा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. तो विझलाच नाही, तर यंत्रणेत दोष आहे. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी दोष लपवायला दिवाच काढलेला असू शकतो. दोन्ही वेळा पैसे देण्याआधी चांगल्या मिस्त्रीला दाखवा.

डोक्यामागची उशी ही टेकून झोपायला नाही. मागून धडक बसली की मान मागे झटकली जाते, ती अडवायला ती असते. ती काढायची नाही, उलट आपल्या उंचीप्रमाणे वर करायची. उशीचा वरचा भाग डोक्याच्या वरच्या टोकाला यायला हवा.

चाइल्ड लॉक म्हणजे मागच्या दाराच्या कडेला असलेली छोटी कळ. ती लावली की दार आतून उघडत नाही. घरच्या गाडीत लहान मुलं असतील तर ते कामाचं आहे. एरवी कळ फिरवून ते मोकळं करता येतं, काढायची गरज नाही. भाड्याच्या टॅक्सीत मात्र मागच्या दाराला असं लॉक चालत नाही, असा नियम २०१९ पासून आहे. बाईमाणसाला आत अडकवून ठेवता येऊ नये, म्हणून. टॅक्सीत एकटीने बसताना दार आतून उघडतं का, एवढं बघून घ्या.

आता कागदावरच्या वस्तू. इथे सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे सीट. आरसी बुकात गाडीत किती माणसं बसतात ते लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

मग माल कसा न्यायचा? मागचं सीट दुमडता येत असेल तर दुमडा, ते काढणं नव्हे. रोजच माल न्यायचा असेल, तर गाडी घेतानाच मालवाहू म्हणून नोंदलेली घ्या. मारुती ईकोसारख्या व्हॅनचं कार्गो मॉडेल कंपनीच बनवते, त्यात मागे सीट नसतातच. आणि भाड्याने माल किंवा माणसं न्यायची असतील, तर पांढऱ्या पाटीची खासगी गाडी चालत नाही. हे सगळं गाडी घेण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा. घेतल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो.

तिसरी जात वायरीच्या वस्तूंची. टेप, स्पीकर, जादा दिवे, सेन्सर. या काढता येतात, पण ओढून तोडायच्या नाहीत. आधी बॅटरी सोडवा. काळी, म्हणजे वजा खुणेची तार आधी सोडायची आणि परत जोडताना ती शेवटी जोडायची. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय तेवढा वेळ थांबा, मगच आत हात घाला. पिवळा कनेक्टर दिसला तर तिथेच थांबा, तो बहुतेक एअरबॅगचा असतो. तिथे फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस. उघडी वायर तशीच सोडली किंवा नुसती चिकटपट्टी गुंडाळली, तर उन्हाने पट्टी सुटते, तार पत्र्याला लागते आणि आग लागते. वायरच्या टोकाला नीट टोपण बसवून घ्या आणि त्या वस्तूचा फ्यूजही काढायला सांगा. नव्या गाडीत टेपच्या पडद्यावरच मागचा कॅमेरा दिसतो. टेप काढला की कॅमेराही गेला, हे आधी लक्षात घ्या. वॉरंटी चालू असेल तर बाहेर वायर कापू देऊ नका.

उरल्या सोयीच्या वस्तू. नव्या सीटवरचं प्लास्टिक आधी काढा. "राहू दे, सीट नवं राहील" म्हणून आपण वर्षानुवर्षं ते ठेवतो. उन्हात ते तापतं, वास मारतं, घाम धरतं आणि त्यावरून माणूस घसरतो. जुन्या गाड्यांत सिगारेट पेटवायचं बटण असतं. मुलाने दाबलं की ते लाल तापतं. ते नुसतं ओढून काढा, हत्यार लागत नाही. त्या भोकात मोबाइलचा चार्जर बसतो. राखेची डबी, पडदे, लोंबणाऱ्या माळा, कोपऱ्यातली शोभेची पट्टी हेही काढलं तरी चालतं.

पायाखालच्या मॅटचं मात्र बघा. चालकाच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट नकोत आणि मॅट खालच्या हुकात अडकलेली हवी. सरकलेली मॅट ॲक्सिलरेटर दाबून धरते. याच कारणाने २००९ मध्ये टोयोटा कंपनीने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या.

प्लास्टिकची पट्टी काढायची तर गाडी थोडी उन्हात ठेवा. थंड प्लास्टिक तडकतं. लोखंडी पेचकस वापरायचाच तर टोकाला कापड गुंडाळा. स्टिकरचा चिकट डाग खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रंग जातो आणि आगीची भीती असते. काढलेली वस्तू टाकू नका. स्क्रू एका पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी लावा. गाडी विकताना मूळ वस्तू असल्या तर भाव बरा मिळतो.

नवी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कारखान्यातून आलेलं वेगळं आणि शोरूमने बसवलेलं वेगळं. कव्हर, मॅट, अत्तर, दाराच्या पट्ट्या यांचं हजारो रुपयांचं बिल शोरूम जोडतं. ते घ्यायलाच हवं असं नाही. बिलाची प्रत्येक ओळ वाचून घ्या, नको ते बुकिंगच्या वेळीच लिहून नाकारा. बसवून झाल्यावर काढण्यापेक्षा न बसवलेलं स्वस्त पडतं.

गटाची गाडी असेल तर काय काढायचं याचा ठराव बैठकीत करा, वहीत लिहा आणि मगच गॅरेजला जा. तिथे "ताई, तुम्हाला यातलं काय कळतं" असं कुणी म्हणालं, तर शांतपणे आपले तीन प्रश्न विचारा. जिवाची का? कागदावरची का? वायरीची का? उत्तर नीट मिळेपर्यंत पाना लावू देऊ नका.

आणि या आठवड्यात एवढं एक काम करा. घरच्या, गटाच्या किंवा मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसा आणि बेल्टचा हूक हाताला लागतो का ते बघा. लागत नसेल तर तो वर काढूनच खाली उतरा.