पिल्लू रात्री का रडते?

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की पहिला दिवस कौतुकात सरतो. मुले त्याला खाली ठेवायला तयार नसतात, शेजारीपाजारी पाहून जातात, नाव काय ठेवायचे यावर जेवताना चर्चा रंगते. रात्री मात्र चित्र पालटते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीत पोत्यावर पिल्लाला ठेवून दिवे मालवले जातात आणि थोड्याच वेळात त्याचे कुंईकुंई सुरू होते. पाहता पाहता त्याचे रूपांतर केकाटण्यात होते. घरातले कुणी त्याला दटावते, कुणी दूध देते, कुणी न्हाणीघरात कोंडते. मध्यरात्र उलटल्यावर शेजारच्या घरातला दिवा लागतो. दुसऱ्या रात्री हेच आणि तिसऱ्या रात्रीही हेच. चौथ्या दिवशी सकाळी ‘हे काही आपल्याला झेपणार नाही’ असे कुणीतरी म्हणते.

या एका वाक्यावर त्या जिवाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. काही पिल्ले जिथून आणली तिथे परत जातात, काही या हातातून त्या हातात फिरतात, तर काही सरळ रस्त्यावर येतात. वस्तुतः रात्रीचे रडणे हा पिल्लाचा दोष नसतो आणि तो कायमचाही नसतो. कारण समजून घेऊन काही रात्री नीट सांभाळल्या, तर बहुतेक पिल्ले आठवडा-दोन आठवड्यांत शांत झोपू लागतात.

हा हट्ट नव्हे

जन्मल्यापासून पिल्लू कधीही एकटे झोपलेले नसते. आईच्या कुशीत, भावंडांच्या अंगावर अंग टाकून, त्यांच्या श्वासाच्या लयीत ते झोपते. नव्या घरी आल्यावर ही ऊब, तो गंध आणि ते आवाज एकाच दिवशी नाहीसे होतात. दिवसा माणसांच्या गडबडीत त्याला ही उणीव फारशी जाणवत नाही. दिवे गेले, घर निःशब्द झाले, की मात्र ती तीव्र होते. कळपाने राहणाऱ्या प्राण्याच्या पिल्लाला एकटे पडणे म्हणजे संकट. अशा वेळी त्याच्यापाशी एकच उपाय असतो, तो म्हणजे आपला ठावठिकाणा आईला कळेल अशा आवाजात ओरडणे. पिल्लू रात्री करते ते हेच.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांच्या वाढीचे निरीक्षण केले. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लू आपले सगेसोयरे कोण हे ठरवत असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकट्या पडलेल्या पिल्लांचे रडणे कशाने थांबते, हे पाहणारा एक प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्कॉट यांचाही सहभाग होता. खाद्य, खेळणी, आरसा, दुसरा कुत्रा आणि माणूस अशा निरनिराळ्या गोष्टी पिल्लांजवळ ठेवून पाहण्यात आल्या. खाद्याने फारसा फरक पडला नाही. सर्वाधिक परिणाम झाला तो माणसाच्या सान्निध्याचा. मध्यरात्री दुधाची वाटी पुढे करूनही पिल्लू गप्प का होत नाही, याचे उत्तर येथे मिळते. त्याला भूक लागलेली नसते, सोबत हवी असते.

पिल्लू कोणत्या वयात घरी आणले, यावरही बरेच अवलंबून असते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार मनाई आहे. तरीही महिना-सव्वा महिन्याची पिल्ले विकली जाताना दिसतात. आईपासून इतक्या लवकर तोडलेल्या पिल्लाला एकटेपणा सोसणे अधिक कठीण जाते आणि चावण्याला आवर घालणे, भावंडांशी मिळते घेणे हे धडेही अपुरे राहतात. ‘लहानपणीच आणले म्हणजे लळा लागतो’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

झोपण्याची जागा

पहिल्या काही रात्री पिल्लाला घरातल्या कुणा एकाच्या अंथरुणाजवळ झोपवावे, हा सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय होय. हात खाली सोडला तर पिल्लाला वास यावा, इतके अंतर पुरे. त्याला पलंगावर घेण्याची आवश्यकता नाही. एवढासा जीव पलंगावरून पडून जायबंदी होऊ शकतो, शिवाय पुढे मोठा झाल्यावर त्याला खाली झोपण्याची सवय लावणे जड जाते.

कडा उंच असलेले पुठ्ठ्याचे मोठे खोके आरंभी पुरेसे होते. काही जण जाळीचा पिंजरा वापरतात. पिंजरा या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. दार उघडे ठेवून, आत खाऊ टाकून, दिवसा तिथे डुलक्या घेऊ देऊन त्याची ओळख करून दिली, तर पिल्लू त्याला आपले घर मानते. शिक्षा म्हणून त्यात कोंडले, तर मात्र तोच पिंजरा भीतीची जागा ठरतो. जागा अशी असावी, की पिल्लाला उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय ताणून झोपता यावे. फार मोठी जागा दिल्यास ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात लघवी करते. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढून ठेवावा, कारण तो जाळीत अडकण्याचा धोका असतो. साखळीने बांधून ठेवणे तर टाळावेच.

आपल्याकडच्या फरशा रात्री गार पडतात, म्हणून खाली गोणपाट आणि त्यावर जुनी सुती गोधडी घालावी. पिल्लू आणतानाच एखादा कपडा त्याच्या आईच्या व भावंडांच्या अंगाखाली ठेवून मग सोबत आणता आला, तर उत्तम. ओळखीचा तो गंध पहिल्या रात्री मोठा आधार देतो. थंडीच्या दिवसांत कोमट पाण्याची रबरी पिशवी जाड कापडात गुंडाळून एका बाजूस ठेवता येते. मात्र पिल्लाला तिच्यापासून दूर सरकता आले पाहिजे आणि ते ती चावत नाही ना, हे पाहिले पाहिजे. बाल्कनी ही लहान पिल्लाची झोपण्याची जागा नव्हे. तिथे गारठा असतो, पावसाची झड येते आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचे भुंकणे थेट कानी पडते. त्याला प्रत्युत्तर देण्याची सवय एकदा लागली, की ती मोडणे कठीण.

संध्याकाळपासूनची तयारी

रात्रीची झोप संध्याकाळीच ठरते. लहान पिल्लू दिवसाकाठी अठरा ते वीस तास झोपते. त्यामुळे त्याला जागे ठेवून दमवण्याचा प्रयत्न अंगाशी येतो. अतिशय दमलेले पिल्लू अतिदमलेल्या मुलासारखेच चिडचिडे होते, चावते, सैरावैरा पळते आणि झोपेला विरोध करते.

रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन-चार तास, म्हणजे सात-साडेसातच्या सुमारास द्यावे. गाईम्हशीच्या दुधाने काही पिल्लांचे पोट बिघडते आणि बिघडलेले पोट रात्री त्यांना पुन्हा पुन्हा उठवते. म्हणून निजताना दूध देण्याचा आजीआजोबांचा प्रेमळ आग्रह हळुवारपणे नाकारलेला बरा. पाणी मात्र तोडू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर ते धोक्याचेच. जेवणानंतर थोडा खेळ, मग चघळण्यासाठी एखादे सुरक्षित खेळणे, मंद प्रकाश आणि मुलांचा गोंगाट बंद, असा क्रम रोज एकच ठेवावा. अगदी निजण्यापूर्वी त्याला लघवीसाठी न्यावे आणि काम झाल्यावर शाबासकी द्यावी.

लसीकरण पूर्ण झालेले नसल्यास पिल्लाला इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी जमिनीवर सोडू नये. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि लहान पिल्लांच्या जिवावर बेततो. तोवर न्हाणीघराचा किंवा बाल्कनीचा एक ठरलेला कोपरा, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, ही सोय फ्लॅटमध्ये चालून जाते.

मध्यरात्री जाग आल्यास

वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. साधारण तितके तास पिल्लू लघवी रोखू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. झोपेत ही मर्यादा थोडी वाढते, तरी अकरा ते सहा अशी सलग झोप त्याच्याकडून अपेक्षिणे अवाजवी ठरते. पिल्लू रडण्याची वाट न पाहता गजर लावून साधारण दोनला आणि पाचला आपणच उठावे, हे अधिक सोयीचे. न रडताही आपली गरज भागते, हे त्यामुळे पिल्लाला कळते. गजराची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकलावी.

हे सारे अगदी नीरसपणे पार पाडावे. मोठा दिवा नको, गप्पा नकोत, खेळ तर मुळीच नको. उचलावे, ठरलेल्या जागी न्यावे, काम झाले की हलकेच शाबासकी देऊन पुन्हा जागेवर ठेवावे. रात्र ही मौजेची वेळ नाही, हे त्याला शब्दांवाचून समजते. अंथरूण ओले झालेच, तर मारणे किंवा नाक घासणे व्यर्थ आहे. शिक्षेचा संबंध त्याला लावता येत नाही, केवळ माणसाची धास्ती तेवढी बसते.

‘रडू दे, होईल गप्प’

हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो अर्धवट आहे. रडण्याचे दोन प्रकार ओळखावे लागतात. जागेवर ठेवल्यावर पिल्लू थोडी कुरकूर करते, कूस बदलते, उसासा टाकते आणि दोन-चार मिनिटांत आवाज क्षीण होत जातो. अशा वेळी मध्ये न पडणेच योग्य. याउलट, आवाज चढत गेला, पिल्लू धापा टाकू लागले, लाळ गाळू लागले, जाळीला पंजे मारू लागले, तर तो भीतीचा आकांत असतो. या अवस्थेत तासभर सोडलेले पिल्लू शेवटी गप्प होते ते थकून. दुसऱ्या रात्री ते त्याच जागेला आधीच घाबरलेले असते.

सर्वांत वाईट परिणाम होतो तो धरसोडीचा. वीस मिनिटे दुर्लक्ष करायचे आणि आवाज असह्य झाला, की उचलून घ्यायचे, यातून पिल्लू एवढेच शिकते, की वीस मिनिटे ओरडल्यावर दार उघडते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने पक्की झालेली सवय सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्राने प्रयोगांतून दाखवले आहे. म्हणून आरंभीच जवळ झोपवून आकांताची वेळ येऊ न देणे, हा यातला सुवर्णमध्य होय. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळणेही तितकेच महत्त्वाचे. वडिलांनी दुर्लक्ष करायचे आणि मुलांनी चोरून पांघरुणात घ्यायचे, यात गोंधळ होतो तो पिल्लाचा.

थोडेथोडे अंतर

तीन-चार रात्री पिल्लू शांत झोपू लागले, की खोके अंथरुणापासून हातभर दूर सरकवावे. पुढे दोन-दोन रात्रींनी दारापर्यंत, मग दाराबाहेर आणि शेवटी ठरलेल्या कायमच्या जागी. एखाद्या टप्प्यावर रडणे पुन्हा सुरू झाले, तर एक पाऊल मागे यावे.

या प्रवासाला दिवसाच्या सरावाची जोड हवी. दिवसभर मांडीवर असलेल्या पिल्लाने रात्री एकदम एकटे राहावे, हे संभवत नाही. चघळण्याचे खेळणे देऊन अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जाणे, पिल्लू रडण्याआधी परत येणे, मग हा अवधी दोन, पाच, दहा मिनिटे करत नेणे, असा सराव रोज करावा. माणूस गेला तरी परत येतो, ही खात्री पटलेले पिल्लू रात्रीही निश्चिंत असते.

शेजारी आणि वैद्य

सोसायटीत राहणाऱ्यांनी पिल्लू येण्याआधीच वरच्या, खालच्या व शेजारच्या घरी कल्पना देऊन ठेवावी. आठ-दहा दिवस त्रास होण्याचा संभव आहे, हे आधी सांगितले, की सहसा लोक समजून घेतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भुंकणे ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती असल्याचे या सूचना मान्य करतात. मात्र कुत्रा विशेषतः रात्री शांत राहावा यासाठी मालकांनी सर्वतोपरी प्रयत्न करावेत, असेही त्यांत बजावले आहे. हक्क आणि जबाबदारी दोन्ही एकाच कागदावर आहेत.

सारे काही करूनही रडणे थांबत नसेल, तर दुखणे आहे का, हे तपासावे. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, अन्नावरची वासना उडणे, मलूलपणा यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. फुगलेले पोट जंतांमुळेही असू शकते. रात्रभर शांत झोपणारे पिल्लू एकाएकी वारंवार उठू लागले, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यातील दातांचा त्रास संभवतो. झोपेची किंवा माणसांची वेदनाशामक औषधे स्वतःच्या मनाने कदापि देऊ नयेत; त्यांतली काही कुत्र्यांना प्राणघातक ठरतात.

आणि एवढ्यावरही एखाद्या घराला खरोखरच झेपत नसेल, तर पिल्लाला रस्त्यावर सोडणे हा मार्ग नव्हे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याच्यासाठी दुसरे घर शोधण्याची जबाबदारी आणणाऱ्याचीच असते. मात्र त्या निर्णयाआधी दोन आठवडे द्यावेत. आईपासून दूर आलेल्या जिवाला नव्या घराचा भरवसा वाटण्यासाठी तेवढा अवधी काही फार नाही.